हौशी म्हणजे कच्चा?

पडद्यामागून
आमच्या नाट्यमंडळाच्या स्मरणिकेसाठी एक इंग्रजी लेख मराठीत करतेय. 'अमॅच्युअर'ला मी सरळ 'हौशी' लिहिलं. कार्यवाहांनी खोडलं. म्हणाले, "हौशी म्हटलं की जाहिरातदारांना आपण शिकाऊ वाटतो." शासनाच्या राज्य नाट्य स्पर्धेच्या नावातच 'हौशी' आहे की! दुसरा शब्द सुचवाल का?

तत्सम
अव्यावसायिक. 'हौस' मुळात अरबी 'हवस'. स्वतःचा शब्द घडवता येत असताना उसना कशाला?

जुनी वही
हिंदीत 'हवस' म्हणजे वासना. आपल्याकडे तिची हौस झाली आणि ती डोहाळजेवणापर्यंत घरात वावरू लागली. आता ती आपलीच. शिवाय 'व्यवसाय' म्हणजे मुळात निश्चय, गीतेत (२.४१) 'व्यवसायात्मिका बुद्धि' आहे, तिचा धंद्याशी काय संबंध? मग अव्यावसायिक म्हणजे निश्चय नसलेले?

माझे वडील दिवसा कारकुनी करायचे आणि रात्री नाटकांसाठी पुठ्ठ्याचे मुकुट. काठावर सुतळी चिकटवून वर बेगड दाबून बसवायचे. लांबून ती कोरीव नक्षी वाटायची. एकाने पैसे देऊ केले, तर म्हणाले, "पैसे घेतले की तुझ्या तारखेला द्यावा लागेल. मला सुतळी मनासारखी वळेपर्यंत उखडायची असते." यांना कच्चे म्हणायचं?

झाडीतला
मुकुट डोळ्यांपुढे आला. पण पैसा आला की हौस गेली, हे पटत नाही. आमच्या गडचिरोलीतल्या वडसा भागात धान निघालं की रात्र रात्र नाटकं चालतात. तिकीट असतं, कलाकार मानधन घेतात. म्हणून त्यांची हौस खोटी?

जुनी वही
खोटी नाही. पण 'हौसेला मोल नाही' ही म्हण उगाच आली का?

तत्सम
'मोल नाही' म्हणजे किंमत शून्य.

जुनी वही
अजिबात नाही! हौस करताना खर्चाचा हिशेब मांडत नाहीत, हा अर्थ.

मांडवीकाठ
आमच्या गोव्यात देवळाच्या उत्सवाला गावकरीच नाटक बसवतात, वर्गणीही तेच काढतात. तिथे 'हौशी' म्हटल्यावर कुणाला कमीपणा वाटलेला पाहिला नाही. जत्रेवरून आठवलं, 'हौशे, नवशे, गवशे'मधला गवशा म्हणजे नेमका कोण?

झाडीतला
काय गवसतंय ते बघायला आलेला.

तत्सम
गवसणे हे 'गवेषण'वरून असावं. म्हणजे शोध घेणारा, तो हलका कसा?

पडद्यामागून
स्मरणिका सोमवारी छापायला जातेय. मी 'हौशी' परत लिहिलंय आणि सुतळीची गोष्ट कार्यवाहांना वाचायला पाठवलीय. अजून उत्तर नाही.

मांडवीकाठ
पण आमच्याकडे गवशा म्हणजे फुकट जेवायला आलेला!