चुकीच्या जागी टोचलं तरी?
ॲक्युपंक्चर, म्हणजे अंगावरच्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचायचा उपचार, हा 'सगळा मनाचा खेळ आहे' असं काही जण म्हणतात, ते अर्धंच पटलं. २००७ साली जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी पाहिलं तर नेमक्या बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्के लोकांना फरक पडला होता, आणि मुद्दाम भलत्याच जागी, वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना! औषधं, व्यायाम वगैरे नेहमीचे उपचार घेणारे मात्र २७.४ टक्क्यांवरच राहिले. म्हणजे ते बिंदूंचे नकाशे फारसे कामाचे नाहीत असं म्हणा हवं तर, पण दुखणं कमी जाणवलं हे खरंच. टोचून घेणं, कुणीतरी अर्धा तास आपल्याकडे लक्ष देणं, बरं वाटेल ही आशा, यातलं किती कशाचं ते वेगळं काढणं अवघड.

आमच्या आईचे गुडघे गेलेले. कोल्हापुरात राजारामपुरीत एकाकडे दहा वेळा सुया टोचून घेतल्या. नंतर विचारलं तर म्हणाली, "दुखतंय की रे, पण आता त्याच्याकडं ध्यान जात नाही." एक्स-रे होता तसाच. तरी त्या चैत्रात जोतिबाच्या पायऱ्या बसत-उठत का होईना, चढली. दोनेक महिन्यांनी परत पहिले पाढे पंचावन्न, तो भाग वेगळा. सुया तेवढ्या एकदाच वापरायच्या, पाकीट आपल्यासमोर फोडायला लावा. आम्ही पहिल्या दिवशी विचारलंच नव्हतं.