मदत हवी आहे: रस्त्याचा फक्त मधला तुकडा बंद आहे, तर रिपोर्ट कसा करायचा?

मॅप अ‍ॅप एका गल्लीतून गाड्यांना आरपार रस्ता दाखवतंय. प्रत्यक्षात मध्ये पक्की भिंत आहे, माणूस जाईल एवढीच फट. ‘रस्ता बंद’ असा रिपोर्ट टाकला की अख्खी गल्ली सिलेक्ट होते आणि रिपोर्ट नामंजूर होतो. साहजिकच आहे म्हणा, दोन्ही टोकांच्या घरांपर्यंत गाड्या जातातच. सॅटेलाइट फोटोत भिंत झाडाखाली झाकलेली, त्यामुळे तपासणाऱ्यालाही दिसत नसणार.

ओपनस्ट्रीटमॅपवर (कुणालाही दुरुस्त करता येणारा खुला ऑनलाइन नकाशा) गल्लीची रेषा भिंतीपाशी तोडून मधल्या तुकड्याला पायवाटेचा टॅग दिला की झालं. पण ती दुरुस्ती या अ‍ॅपमध्ये आपोआप येत नाही.

पिन नेमकी भिंतीवर ठेवून, दोन्ही बाजूंचे फोटो जोडून ‘इतर’मध्ये लिहिलं तर चालतं का? की ‘चुकीचा मार्ग दाखवला’ हा पर्याय बरा?