संकेतस्थळाच्या नव्या रूपासाठी स्पर्धा घ्यावी का?

कोरी पाटी (धागाकर्ता)
आपल्या मुक्तस्रोत (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रकल्पाचं संकेतस्थळ जुनाट दिसतं आणि आपल्यात डिझायनर एकही नाही. म्हणून स्पर्धा घेऊ: सहा आठवडे प्रवेशिका, मग सभासदांचं मतदान. डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या संगणक-प्रणालीचं भोवऱ्यासारखं चिन्ह 1999 च्या स्पर्धेतूनच आलं. विकिपीडियाचा कोड्याच्या तुकड्यांचा गोलही 2003 च्या स्पर्धेतला.

अर्धविराम
माझा ठाम विरोध. ही दोन्ही उदाहरणं चिन्हांची आहेत. संकेतस्थळ म्हणजे शोध, दस्तऐवज, मोबाइलचा छोटा पडदा, भाषांतरात दुप्पट लांब होणारी बटणं. प्रवेशिकेत यातलं काहीच दिसत नाही, दिसतं फक्त मुखपृष्ठाचं देखणं चित्र. आणि एकाचं काम घेऊन बाकीच्यांच्या रात्री वाया घालवायच्या? कोड लिहिणाऱ्यांना आपण म्हणतो का, सगळे तेच फीचर लिहा, एकाचंच घेऊ? त्यांचा पॅच (कोडमधला सुचवलेला बदल) आपण तपासतो, दुरुस्त्या सुचवतो, मग घेतो. डिझायनरलाही तोच मान द्या.

रात्रपाळी
हरलेलं काम वाया जातंच असं नाही. लिनक्सचा पेंग्विन टक्स लॅरी युइंग यांनी 1996 मध्ये गिंप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर वापरून लोगो-स्पर्धेसाठी काढला. जिंकला नाही, तरी आज लिनक्स म्हटलं की तोच आठवतो. स्पर्धेच्या निमित्ताने माणसं येतात, हे मोलाचं आहे.

अर्धविराम
मग निकालाला काय अर्थ राहिला? मतदार स्क्रीनशॉट बघून भुलणार. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) किमान 4.5:1 हवा, हे डब्ल्यूसीएजी या, संकेतस्थळं सगळ्यांना वापरता यावीत यासाठीच्या नियमावलीच्या एए पातळीत स्पष्ट आहे. मत देताना ते कोण मोजतं? स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या आपल्या सभासदांना तर नुसत्या चित्रावर मतही देता येणार नाही. त्यांना वगळून ठरवलेलं रूप मला मान्य नाही.

कोरी पाटी
स्क्रीन रीडरचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. आता असं म्हणतो: स्पर्धा फक्त चिन्ह आणि रंगसंगतीची. कॉन्ट्रास्ट मतदानाआधीच तपासायचा, प्रत्येक चिन्हाचं शब्दांत वर्णन मागायचं. मूळ एसव्हीजी फाइल (चित्र नंतर बदलता येईल अशी) आणि सीसी बाय-एसए 4.0 परवाना (श्रेय देऊन, त्याच अटींवर कुणालाही वापरू देणारा) सक्तीचा. निवडीनंतर बदल होतील हेही नियमांतच लिहू. विकिपीडियाचं विजेतं चिन्हसुद्धा पुढे दुसऱ्या माणसाने बदललं होतं. पानांची मांडणी मात्र नेहमीसारखी, सगळ्यांसमोर, टप्प्याटप्प्याने.

रात्रपाळी
चालेल. पण मांडणीचं काम कोण बघणार?

अर्धविराम
तेच नाव आधी ठरवा. ते ठरेपर्यंत माझं मत विरोधातच धरा.