पट्टी न दाबता पेटी वाजतेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. घरात आजोबांची जुनी हातपेटी (हार्मोनियम) आहे, दुहेरी सुरांची, म्हणजे प्रत्येक पट्टीला हवेने थरथरून वाजणाऱ्या दोन पितळी जिभा (सूर) असलेली. आम्ही रत्नागिरीत, त्यामुळे पावसाळ्यात तिचे हाल विचारू नका. सध्या भाता मारला की मधल्या सप्तकातली काळी दोन (दुसरी काळी पट्टी) आपोआप पीं करत राहते. पट्ट्यांवरची फळी काढून पाहिलं, तर त्या पट्टीखालचं चामडं एका कडेला वाळून वर वळलंय आणि तिथूनच हवा निसटतेय. तेवढाच तुकडा घरी बदलता येईल का? कोणतं चामडं आणि कोणता गोंद वापरावा?

दुसरं म्हणजे पितळी सुरांवर हिरवट गंज दिसतोय. शेजारचे काका म्हणतात, पॉलिश पेपर मार. मला ते पटत नाही. सूर टोकाला घासला की चढतो, मुळाशी घासला की उतरतो, मग जुळणी कोण करणार? कोरड्या मऊ ब्रशने भागेल का?

आणि कसर लागू नये म्हणून पेटीत डांबरगोळ्या ठेवाव्यात की नकोत? श्रावणात भजनं आहेत, आणि इथे दुरुस्तीवाला मिळत नाही. कोकणात कुणी चांगला कारागीर माहीत असेल तर तेही सांगा.