मराठी पुस्तकांची मधली पानं ऑनलाइन कुठे वाचायला मिळतील? आईसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
मी जुळे सोलापुरात राहतो, प्रश्न आईसाठी विचारायलोय. तिचं वय ७१, वाचनाचं वेड लहानपणापासूनचं. गेल्या वर्षापर्यंत दर शनिवारी रिक्षाने हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन पुस्तकं बदलून आणायची. आता गुडघे साथ देत नाहीत, त्यात आपल्याकडचं ऊन, म्हणून टॅब घेऊन दिला, अक्षर मोठं करून दिलं. वाचायला काही अडचण नाही, अडचण पुस्तक निवडायची आहे.

तिची पद्धत अशी की सुरुवात बघायचीच नाही, अंगठ्याने पुस्तक बरोबर मधे उघडायचं, कपाटापाशी उभ्यानेच दीड-दोन पानं वाचायची आणि त्यातली माणसं बोलताना खरी वाटली तर घ्यायचं, नाहीतर परत जागेवर. म्हणते, पहिलं पान सगळेच घासूनपुसून लिहितात, लेखक कळतो तो मधे. मला हे पूर्ण पटतं.

ऑनलाइन सॅम्पल मात्र सुरुवातीचंच मिळतं. साधारण १० टक्के, म्हणजे २०० पानांच्या पुस्तकाची २० पानं, आणि मराठी पुस्तकात आधी अर्पणपत्रिका, प्रस्तावना, मनोगत, ऋणनिर्देश. परवा एका कादंबरीचं सॅम्पल उतरवलं तर प्रस्तावनाच १४ पानांची, त्यात अर्धी गोष्ट सांगून टाकलेली, आणि पहिल्या प्रकरणात म्हातारा दाराची कडी काढतोय तोवर सॅम्पल संपलं. आई म्हणाली, अरे दार तरी उघडू द्यायचं की रे.

मग स्टार आणि मुखपृष्ठ बघून दोन पुस्तकं विकत घेतली, तीही तशीच पडून आहेत. पैशाचं काही नाही, तिचं वाचन तुटत चाललंय याचं वाईट वाटतं. महिनाभर एकही पुस्तक पुरं झालं नाही असं मी तिला कधी बघितलं नव्हतं.

मधली पानं दाखवणारं काही आहे का? तुम्ही नवा लेखक कसा जोखता? तिला ग्रामीण कथा आणि बायकांची आत्मचरित्रं आवडतात. ऑडिओ नको, तिला डोळ्यांनीच वाचायचंय.

प्रतिसाद:
गुगल बुक्सवर पुस्तकाचं नाव न टाकता एखादा मराठी शब्द टाकून बघा. तो शब्द ज्या पुस्तकांत आहे ती येतात आणि प्रकाशकाने प्रीव्ह्यू दिला असेल तर थेट आतलं पान उघडतं. सगळ्यांना नसतो, पण ज्यांना असतो तिथे काकूंचं काम होईल. शिवाय मराठी विकिस्रोतावर आणि राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या साइटवर अख्खी पुस्तकं फुकट आहेत, हवं ते पान उघडा. विकिस्रोतावर जुनीच जास्त, कारण लेखक जाऊन ६० वर्षं झाल्यावर कॉपीराइट संपतो. नव्या लेखकांसाठी आम्ही दिवाळी अंक चाळतो, एक अख्खी कथा वाचली की हात कळतो.

धागालेखक:
मनापासून आभार! आईला विचारलं कोणता शब्द टाकू, तर लगेच म्हणाली, भाकरी टाक. बरीच पुस्तकं आली, पुष्कळांची नुसती नावंच, पण दोनांची आतली पानं उघडली. एकात सासू सुनेला पीठ मळायला शिकवतेय. ते पान आईने दोनदा वाचलं आणि म्हणाली, हे मागव.