सोलापुरात कॉलनीतल्या मुलांसाठी निसर्ग आणि बागकामाचं शिबिर घ्यायचंय, नेमकं काय शिकवावं?

जुळे_सोलापूरची_आई

नमस्कार सगळ्यांना. आम्ही जुळे सोलापुरात राहतो, कॉलनीत एक ओपन स्पेस आहे, साधारण दोन प्लॉटएवढी, एका कडेला बोअर आहे, बाकी नुसतं काँग्रेस गवत आणि बांधकामाचं उरलेलं खडी-विटांचं सामान. मागच्या वर्षी ५ जूनला पर्यावरण दिन म्हणून आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढून ४० रोपं आणली, मुलांच्या हातानं लावली, प्रत्येक रोपाला मुलाच्या नावाची पाटी, फोटो बिटो सगळं झालं. त्यानंतर पाऊस जो गेला तो गेलाच. नळाला चार-पाच दिवसाआड पाणी, घरातच पुरत नाही तर झाडाला कोण घालणार, बोअरचं घालत होतो पण तेही नियमित नाही. दिवाळीपर्यंत ६ रोपं राहिली, चार कडुलिंबाची आणि दोन करंजाची. माझी मुलगी सहावीत आहे, तिचं जांभळाचं रोप होतं, ती रोज स्कूल बसची वाट बघताना त्याच्याजवळ उभी राहायची आणि नंतर एक दिवस तिनं उभं राहायची जागाच बदलली. मी विचारलं तर म्हणाली ते वाळलंय, मला बघवत नाही.

ते मनातून जात नाहीये म्हणून यंदा नुसतं रोपवाटप करायचं नाही असं मी ठरवलंय. दर रविवारी सकाळी तासभर मुलं आणि ज्यांना यायचंय त्या बायका, असं काहीतरी शिबिरासारखं घ्यावं म्हणते. मी स्वतः कॉमर्सची, मला घरच्या तुळशी-मोगऱ्यापलीकडं काही येत नाही. यूट्यूबवर बघितलं तर सगळे पुण्या-मुंबईचे, कोकोपीट आणा, परलाइट आणा, इथल्या ४३ डिग्रीत ते कितपत टिकणार माहीत नाही. तर काय शिकवावं, कधी सुरू करावं, फी घ्यावी का? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा. एप्रिल संपत आलाय, मुलांना सुट्ट्या लागल्यात.

कोरडवाहू_काका

ताई, आधी एक सांगतो, तुमची रोपं मेली त्यात मुलांचा दोष नाही आणि तुमचाही नाही, तारखेचा दोष आहे. ५ जून ही तारीख जगाची आहे, सोलापूरच्या पावसाची नाही. आपल्याकडं वर्षाला साधारण ५५० मिलिमीटर पाऊस आणि त्यातला सगळ्यात जास्त सप्टेंबरात पडतो. जूनमध्ये मृगाचे दोन शिंतोडे पडले की लोकांना वाटतं आला पाऊस, मग जुलै-ऑगस्टात जो खंड पडतो त्यात कोवळं रोप जातंच. आपले शेतकरी काय येडे आहेत का, ज्वारी पेरायला उत्तरा-हस्ताची वाट बघत बसतात ते? मी सगळं आयुष्य कोरडवाहू शेतीत काढलंय म्हणून एवढ्या खात्रीनं बोलतोय.

झाड लावायचं तर मे महिन्यात खड्डे काढा, दीड-दोन फुटांचे, आणि उन्हात तापू द्या. कॉलनीच्या जागेत वरची माती गेलेली असते, खाली मुरूम लागेल, तर निघालेला मुरूम परत त्यात टाकू नका, काळी माती अन् मुरलेलं शेणखत भरा. मग थांबा. चांगला पाऊस होऊन वीतभर खाली ओल लागली की लावा, मग तो जुलै असो की सप्टेंबर. मुलांना हे थांबणंच शिकवा, दर रविवारी एक गज घेऊन जमिनीत खुपसायचा आणि किती बोटं ओल गेली ते वहीत लिहायचं. सातवीचं पोरगं दोन महिने हे लिहील ना, तर त्याला पाऊस कळेल.

आणि पाण्याचं. मडकं पुरा. साधं कुंभाराचं, रंग न दिलेलं, पाच-सात लिटरचं, रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचं, तोंड वर ठेवायचं, त्यावर झाकण पाहिजेच नाहीतर डास होतात. मडक्याच्या अंगातनं पाणी झिरपत राहतं, भोवतीची माती कोरडी असली की जास्त ओढून घेते, ओली असली की कमी. तुमच्या नळाला चार दिवसाआड पाणी येतं ना, मग पाण्याच्या दिवशी मडकी भरायची, बास. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर मडक्यात शक्यतो घालू नका, पांढरा थर बसून भोकं बुजतात आणि दोन वर्षांत मडकं झिरपायचंच थांबतं. तेवढं नळाचं, नाहीतर पावसाचं साठवलेलं वापरा. बुडाशी उसाचं पाचट किंवा वाळका पाला चांगला चार बोटं जाड पसरा, कारण काळी माती उन्हाळ्यात भेगाळती आणि त्या भेगांत बारीक मुळं तुटतात.

झाडं कुठली म्हणाल तर लिंब, करंज, आपटा, बहावा, भोकर, शमी, सीताफळ. जांभूळ तुमच्या मुरमात पाण्याशिवाय अवघडच होतं.

शाळेतली_बाई

काकांनी पाण्याचं एवढं नीट सांगितलंय की मी त्यात पडत नाही, मी मुलांबद्दल लिहिते. माझी शाळा अक्कलकोट रोडकडची, पालक बहुतेक यंत्रमागावर नाहीतर टॉवेलच्या शिलाईत, आणि वर्गात घरी तेलुगू बोलणारी निम्मी, कन्नड बोलणारी काही, बाकी मराठी. आम्ही शनिवारचा शेवटचा तास बाहेर घेतो, चार वर्षं झाली.

ताई, तुम्ही पहिल्या दिवशी काहीही लावू नका. प्रत्येकानं एकच झाड निवडायचं, आधीपासून असलेलं, घराजवळचं, आणि त्याचं नाव घरातल्या सगळ्या भाषेत विचारून यायचं. आमच्याकडं एक मुलगी, कधी तोंड उघडायची नाही, ती आजीला विचारून आली आणि उभी राहून म्हणाली चिंचेला आम्ही चिंता म्हणतो, मग मागच्या बेंचवरनं आलं, आमच्यात हुणसे. लिंबाला वेप, बेवू. त्या दिवशी फळ्यावर तीन रांगा झाल्या आणि त्या अजून पुसलेल्या नाहीत, तक्त्यावर उतरवून ठेवल्यात. त्या पोरीची आजी नंतर स्वतः शाळेत आली, लिंबाचा पाला धान्यात कसा ठेवायचा ते सांगायला. तुमच्या जुळे सोलापुरात पण असे घरोघरी आजी-आजोबा असणारच, त्यांना बोलवा, मुलं त्यांचं ऐकतात.

दुसरं म्हणजे रुई. पडीक जागेत आपोआप येती, लोक उपटून टाकतात. उपटू देऊ नका. तिच्या पानाखाली प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या सापडतात, काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या. कढीपत्ता आणि लिंबूवर पण दुसऱ्या फुलपाखरांच्या सापडतात, आधी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात आणि मोठ्या झाल्या की हिरव्यागार. फक्त रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, मुलांना हात धुवायला लावा, हे अगदी पहिल्यांदा सांगा. अळीचं कोष होऊन फुलपाखरू निघेपर्यंत दोन-तीन आठवडे जातात आणि तेवढे दिवस मुलं स्वतःहून धावत येतात, मला बोलवावं लागत नाही.

अजून एक आमच्या इथलं. टॉवेलची कात्रणं पालकांकडनं मागवतो. सुती पट्टीचं एक टोक पाण्याच्या बाटलीत आणि दुसरं कुंडीच्या मातीत खोल घातलं की ती पट्टी पाणी ओढत राहते, सुट्टीत आठवडाभर कुंड्या टिकतात. एक टेरिकॉटची पट्टी पण घ्या, दोन्ही शेजारी लावून कुठलीत पाणी जास्त चढतं ते मुलांना बघू द्या.

गच्चीवाली_विजापूर_रोड

बायकांसाठी विचारलंय म्हणून लिहितेय. माझं सगळं गच्चीवर, ३० एक कुंड्या आणि रंगाचे रिकामे डबे, आठ वर्षं झाली. मी आधी मैत्रिणींना भाजी लावायला शिकवत होते आणि सगळ्या दोन महिन्यात सोडून द्यायच्या, आता मी पहिले दीड-दोन महिने फक्त खत शिकवते, आणि त्यातल्या बहुतेकजणी टिकल्यात.

वीस लिटरचा डबा, बुडाला आणि अंगाला भोकं, खाली वाळका पाला, वर रोजचा ओला कचरा आणि प्रत्येक वेळेस त्याच्या दुप्पट कोरडं. कोरडं म्हणजे पाला, पुठ्ठ्याचे तुकडे, आणि आपल्या सोलापुरात घरोघरी शेंगा फोडतात, चटणी करतात, त्याची टरफलं, त्यासारखं दुसरं काही नाही, हवा खेळती राहते. वास आला की ओलं जास्त झालंय, कोरडं घाला. मुंग्या लागल्या की फार कोरडं झालंय, पाणी शिंपडा, आणि आत्ता मे महिन्यात तेच होतं, डबा नुसता वाळून जातो आणि बायका म्हणतात दोन महिने झाले पण कचरा आहे तसाच. सावलीत ठेवायचा, मूठभर घेऊन दाबलं की हात ओला झाला पाहिजे पण थेंब पडता कामा नये.

आणि एक दिवस डबा उघडला की आत वळवळणाऱ्या अळ्या दिसतात, मग किंचाळून डबा घंटागाडीत. हे आधीच सांगा सगळ्यांना! त्या सोल्जर माशीच्या अळ्या, त्या कचरा खाऊन खत लवकर करतात, चावत नाहीत. आमच्या शेजारच्या काकूंनी असे तीन डबे टाकून दिले होते, चौथ्या वेळेस मी त्यांच्याबरोबर बसून दाखवलं, आता त्याच दुसऱ्यांना सांगतात.

कुंडीत नुसती काळी माती भरू नका, पाणी घातलं की चिकटते आणि वाळली की दगड. एक भाग काळी, एक भाग पोयटा म्हणजे नदीकाठची गाळाची माती, एक भाग हे घरचं खत, मी एवढंच घालते. मार्च ते जून हिरवी जाळी हवीच. आरओचं वाया जाणारं पाणी रोज त्याच कुंडीला घालू नका, त्यात क्षार जास्त असतात, ते फरशीला वापरा. एसीचं पाणी मात्र झाडाला बिनधास्त.

फी घ्या ताई. थोडीच, पण घ्या. फुकट दिलेलं रोप माझ्या बघण्यात कुणी जपलं नाही.

माळावरचा_चंडोल

सगळं वाचलं, छान चाललंय. फक्त एक विनंती आहे ती जरा मोठी आहे.

पावसाळा आला की अशी शिबिरं सीडबॉल, म्हणजे बिया घातलेले मातीचे गोळे, करतात आणि मुलांना गाडीत घालून गावाबाहेरच्या माळावर फेकायला नेतात, "उजाड माळ हिरवा करू" म्हणून. प्लीज हे करू नका. आपला माळ उजाड नाहीये, तो गवताळ आहे आणि तो तसाच असायला पाहिजे. इथं कमी पाऊस, पातळ माती, त्यावर कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं येतात आणि त्या गवतावर काळवीट, लांडगा, खोकड, तितर, चंडोल, धाविक सगळे जगतात. बार्शी रोडला नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं, ते जंगल राखायला केलेलं नाही, गवत राखायला केलंय. माळढोक मीटरभर उंचीचा पक्षी, उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो, त्याला लांबवर दिसलं पाहिजे, झाडी दाट झाली की तो तिथं राहत नाही. आपल्याकडच्या माळांवर कधीकाळी ग्लिरिसिडिया हे बाहेरून आलेलं झाड लावलं गेलं, चांगल्याच हेतूनं, पण त्यानं गवताची जागा खाल्ली. आता नान्नजला माळढोक दिसणं जवळपास बंदच झालंय. मी लहानपणी वडिलांबरोबर एकदा बघितलेला, लांब, उन्हात, मान वर करून चालताना. माझ्या मुलाला मी तो दाखवू शकलो नाही याचं मला खरंच फार वाईट वाटतं.

तर झाडं कॉलनीत लावा, रस्त्याला लावा, शाळेत लावा. माळावर मुलांना फक्त बघायला न्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत पिकतं तेव्हा वनखात्याची परवानगी घेऊन नान्नजला एक सकाळ काढा, उजाडायच्या आत पोचा. आणि कुसळीचं एक कुसळ, म्हणजे तिचं लांब शेपटीचं बी, मुलाच्या ओल्या तळहातावर ठेवायला सांगा. ते हळूहळू स्वतःभोवती फिरायला लागतं, ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो, असं करत करत ते बी स्वतःला जमिनीत पेरतं. मोठी माणसंसुद्धा गप्प होऊन बघतात.

जुळे_सोलापूरची_आई

मी दोनदा वाचलं सगळं आणि मुलीला पण वाचून दाखवलं. काका, तारखेचं ऐकून ती म्हणाली म्हणजे माझ्यामुळं नाही वाळलं ना. मला कळलंच नव्हतं की ती वर्षभर हे मनात घेऊन आहे.

सीडबॉलचं तर मी खरंच ठरवलं होतं, मातीसुद्धा सांगून ठेवली होती. कॅन्सल. ती माती आता खड्ड्यात जाईल. या रविवारपासून साडेसहाला सुरू करतोय, मे महिना खड्डे, खताचे डबे आणि प्रत्येकाचं एक झाड. जांभळाच्या जागी भोकर लावू म्हणते, मुलीनं ते कधी बघितलंच नाहीये, लोणच्यातलं सोडून. फी महिन्याला ५० रुपये. आणि कोपऱ्यातली दहा बाय दहाची जागा रिकामी ठेवायचं मनात आलंय, त्यात मुलांकडनं ज्वारी पेरून घेता येईल का काका? इतक्या थोड्या जागेत होईल का, आणि मडकी किती लागतील?

कोरडवाहू_काका

होईल की, का नाही होणार. मालदांडी घ्या, ३५-१, आपल्या मोहोळच्या संशोधन केंद्रातलंच वाण आहे ते. सप्टेंबरच्या मध्याला पेरा, दोन ओळीत दीड फूट आणि दोन ताटात वीतभर ठेवा, दाट करू नका. डिसेंबर संपता संपता हुरड्यावर येईल. पाखरं येतील, येऊ द्यात, गोफण नको, थोडं त्यांनी खाल्लं तरी मुलांना प्रत्येकी एक कणीस भाजायला मिळेल. कुणाच्या घरी शेंगाची चटणी असतीच.

मडकी एका झाडाला एक. आधी १० झाडंच लावा, ४० नको. जी ६ जगलीत त्यांना पण पुरा, ती दमलेली असतील, पण मुळं तुटू नयेत म्हणून हातभरापेक्षा जास्त लांब पुरा. एकूण १६ झाली. पुरायच्या आधी रात्री त्यात पाणी भरून ठेवा, सकाळी बाहेरनं अंग गार आणि ओलसर लागलं पाहिजे, थेंब टपकत असेल तर तडा गेलाय, ते परत करा. आणि कुंभाराला सांगा प्यायच्या पाण्याला नकोत, पुरायलाच पाहिजेत, म्हणजे तो बिनरंगाची देईल.