टॅरोतला ‘सूर्य’ खान्देशात कसा वाचायचा?

तापीकाठ

जळगाव-भुसावळकडे टॅरो (भविष्य सांगायला वापरतात ते 78 चित्रांचे पत्ते) वाचणाऱ्यांमध्ये एक पद्धत रूढ होतेय आणि ती मला मुळातच चुकीची वाटते. कार्ड कुठलंही येऊ दे, त्याचा अर्थ ‘आपल्याकडचा’ करून सांगायचा. सूर्य आला की म्हणायचं, मे महिन्यात इथे पारा 44-45 वर जातो, आपल्याकडे सूर्य म्हणजे होरपळ, म्हणून कार्ड त्रासाचं. तीन तलवारींच्या कार्डात पाऊस दिसतो, पाऊस म्हणजे कापसाला जीवदान, म्हणून कार्ड चांगलं. त्या पावसाच्या पुढ्यात तीन तलवारींनी आरपार भोसकलेलं हृदय आहे, त्याचं काय करायचं मग?

बहुतेकांच्या हातात रायडर-वेट डेक, म्हणजे त्या नावाचा पत्त्यांचा संच, असतो. तो डिसेंबर 1909 मध्ये लंडनला निघाला. मांडणी आर्थर वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. त्यात सूर्य हे 19वं कार्ड. पांढऱ्या घोड्यावर उघडं मूल बसलंय, सोबत मोठं लाल निशाण, मागे राखाडी भिंत आणि भिंतीवरून डोकावणारी चार सूर्यफुलं. घोड्याला खोगीर नाही, लगाम नाही. मूल भिंतीच्या बाहेर आहे. आता मागची कार्डं बघा. 16 वर वीज पडून कोसळणारा मनोरा, 17 वर तारा, 18 वर चंद्र. त्यात कुत्रा, लांडगा, पाण्यातून वर येणारा नांग्यांचा प्राणी आणि दोन बुरुजांमधून जाणारी अंधूक वाट. त्यानंतर सूर्य. पडझडीनंतर उजेड पायरीपायरीने वाढत जातो, आणि सूर्याचा अर्थ या क्रमातून येतो. बाहेरच्या तापमानाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

शिकणाऱ्यांनी आधी चित्र जसं आहे तसं शिकावं असं माझं ठाम मत आहे. तुमचं काय?

लळिंगकर

ताई, चित्राचा अभ्यास हवाच, त्यात वाद नाही. पण कार्ड बघणारा माणूस धुळ्याचा असेल तर त्याच्या मनात जे उमटतं ते खोडून काढायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

मृत्यूचं कार्ड घ्या, 13वं. काळ्या चिलखतातला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर बसलाय. आपल्याकडे पांढऱ्या घोडीवर नवरदेव बसतो. समोरच्या बाईला त्या घोड्यावरून लेकीच्या लग्नाचा प्रश्न आठवला तर वाचणाऱ्याने ते धरून पुढे जायचं की ‘नाही, इथे पांढरा म्हणजे शुद्धता’ असं पुस्तकातलं ऐकवायचं? कार्ड काम करतं ते बघणाऱ्याच्या आठवणींवर. त्या आठवणी लंडनच्या नाहीत.

आणि पाच पेंटॅकल्सचं, म्हणजे पाच नाण्यांचं, कार्ड. बर्फात चाललेले दोन भणंग, एकाच्या कुबड्या, दुसरी अनवाणी. बर्फात अनवाणी चालणं म्हणजे काय हे चाळीसगावच्या माणसाला कसं कळणार? भर दुपारी डांबरी रस्त्यावर अनवाणी असं म्हटलं की लगेच कळतं.

तापीकाठ

डांबरी रस्त्याचं चालेल, कारण तिथे तुम्ही अर्थ तोच ठेवलात, फक्त उदाहरण बदललंत. सूर्याच्या बाबतीत अर्थच उलटा केला जातोय. तक्रार त्याची आहे.

शिवाय त्या मृत्यूच्या घोड्यामागे बायबलमधल्या शेवटच्या ग्रंथातला फिकट घोडा आहे, ज्याच्या स्वाराचं नावच मृत्यू. घोड्यापुढे राजा मरून पडलाय, धर्मगुरू हात जोडून उभा आहे, मुलीने तोंड फिरवलंय, लहान मूल मात्र सरळ वर बघतंय. लांब क्षितिजावर दोन बुरुजांमध्ये सूर्य आहे. चार माणसं, चार प्रतिक्रिया. कार्डाचा गाभा हा आहे. नवरदेवाच्या घोडीवर गेलात की ही चारही माणसं हातातून सुटतात.

आखाजी

दोन्ही बाजू 1909 पासून सुरुवात करताहेत, म्हणून थोडं मागचं सांगते.

हे पत्ते 15व्या शतकात उत्तर इटलीत खेळासाठी निघाले. मिलानच्या व्हिस्कोंती-स्फोर्झा घराण्यासाठी रंगवलेले पत्ते आजही आहेत. टॅरोतली 22 मोठी चित्रं म्हणजे 21 हुकमाची पानं आणि एक ‘मूर्ख’. वरचं पान खालच्याला मारतं, एवढाच त्यांचा उपयोग. भविष्याशी आणि इजिप्तशी त्यांची सांगड घातली गेली ती 1781 मध्ये, पॅरिसच्या कूर द जेबेलँ यांच्या लेखनातून. चित्रलिपीचा उलगडा शांपोलियोंनी केला 1822 मध्ये, म्हणजे इजिप्तची लिपी वाचता येत नव्हती तेव्हाच इजिप्तचं ज्ञान म्हणून हे पत्ते खपवले गेले. रीलवर ‘पाच हजार वर्षांचं इजिप्शियन रहस्य’ असं कुणी म्हणालं की तिथेच थांबावं.

पत्त्यांच्या चार रंगांचंही (इस्पिक-बदामसारख्या गटांचं) तसंच. कप, तलवार, नाणं आणि काठी हे रंग इजिप्तच्या मामलुक काळातल्या पत्त्यांवरून युरोपात आले. त्या पत्त्यांत काठी नव्हती, पोलो खेळायची स्टिक होती. युरोपात तो खेळ ठाऊक नव्हता, तिची काठी झाली. मग 1888 ला लंडनमध्ये स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळाने काठ्यांना अग्नी, कपांना जल, तलवारींना वायू आणि नाण्यांना पृथ्वी जोडली. वेट आणि स्मिथ दोघंही त्याच मंडळातले. तेव्हा ‘चित्र जसं आहे तसं’ म्हणताना हे चित्रसुद्धा चारदा वळवलेलं आहे हे ध्यानात असू द्यावं.

एक व्यवहाराची गोष्ट. वेट यांनी 8 आणि 11 ची अदलाबदल केली. जुन्या फ्रेंच मार्सेय पद्धतीच्या पत्त्यांत 8 न्याय आणि 11 सामर्थ्य, रायडर-वेटमध्ये 8 सामर्थ्य आणि 11 न्याय. डेक एका पद्धतीचा आणि पुस्तक दुसऱ्या पद्धतीचं असेल तर कोर्टकचेरीच्या प्रश्नाला सिंहाच्या जबड्याचं, म्हणजे सामर्थ्याच्या कार्डाचं, उत्तर मिळतं. नंबरावर जाऊ नका, चित्रातली तराजू शोधा.

सातपुडा

इतिहास उत्तम सांगितला ताई, पण त्यातून निघणारा निष्कर्ष कुणी काढला नाही. अर्थ चारदा बदलले, तरी दर वेळी लोकांना ‘बरोबर आलं’ असंच वाटत राहिलं. म्हणजे बरोबर येणं कार्डावर अवलंबून नाही.

1948 मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि सगळ्यांना ‘तुमचा स्वभाव’ म्हणून एकच मजकूर वाटला. मजकूर तुम्हाला किती लागू पडतो याला पाचपैकी गुण द्या म्हटलं. सरासरी आली 4.26.

आता भीतीचा हिशेब. केल्टिक क्रॉस या पत्त्यांच्या मांडणीत 78 पैकी 10 कार्डं काढतात. मृत्यू, सैतान आणि मनोरा या तिघांपैकी निदान एक निघायची शक्यता 34 टक्के आहे. दर तीन माणसांतल्या एकाला ‘भयंकर’ कार्ड येणारच, त्याची साडेसाती असो वा नसो. त्या एकाला मग खडा, उतारा, पूजा सुचवली जाते. पैसा तिथे वाहतो.

आणि ‘तेच कार्ड पुन्हा पुन्हा येतंय’ याचंही कारण साधं आहे. पत्ते नीट पिसलेले नसतात. 52 पत्ते अर्धे-अर्धे करून एकमेकांत फडफडवत मिसळले तर सात वेळा लागतात, 78 ला त्याहून थोडे जास्त. आपल्याकडे हातावर थोडे उचलून पुढे टाकायची सवय आहे, त्यात मागच्या वेळचे शेजारी पत्ते शेजारीच राहतात. टेबलावर पसरून दोन्ही हातांनी मिनिटभर कालवले तरी ‘पाठलाग करणारं कार्ड’ बरंचसं थांबतं.

पांझरा

सातपुडा भाऊ, भविष्य कळतं असं मीही म्हणत नाही. पण चित्र वाचण्याचा उपयोग वेगळा आहे, एका कार्डावर दाखवतो.

सात पेंटॅकल्स. एक शेतकरी कुदळीच्या दांड्यावर हात टेकवून उभा आहे. समोर झुडूप, त्यावर सहा नाणी, सातवं पायाशी. प्रश्न समजा असा: कापूस आता विकू की ठेवू? पाठांतरवाला म्हणतो, सात पेंटॅकल्स म्हणजे संयम, ठेवा. चूक. चित्रात माणूस काम थांबवून बघतोय. तोडणी चालू नाही, पेरणीही नाही. एक नाणं खाली आलंय, सहा अजून झाडावर आहेत. कार्ड ‘ठेवा’ही म्हणत नाही आणि ‘विका’ही म्हणत नाही. ते विचारतं, हातात आलेलं किती आणि नुसतं डोळ्यांना दिसणारं किती? शेतकऱ्याला हा प्रश्न स्वतःला विचारायला लावला तर कार्डाचं काम झालं.

शिकायची रीत अशी. कार्ड उलगडल्यावर पुस्तिका बंद. दोन मिनिटं फक्त दिसतं ते लिहायचं: माणसं किती, तोंड कुणीकडे, हातात काय, पाय जमिनीवर की पाण्यात, कोण आत आणि कोण बाहेर. मग रंग आणि आकडा. मग स्प्रेडमधली, म्हणजे मांडणीतली, जागा. पुस्तकातला अर्थ सगळ्यात शेवटी. आठ तलवारींच्या कार्डावर हे करून बघा. डोळे बांधलेली, दोरानं आवळलेली बाई आणि भोवती तलवारी. पण पाय मोकळे आहेत, समोरची बाजू उघडी आहे आणि पहाऱ्याला कुणी नाही. ‘अडकलात’ एवढंच पाठ केलेल्याला हे दिसत नाही. मोबाईलच्या स्क्रीनवर शिकू नका. पत्ता साधारण 70 बाय 120 मिलिमीटरचा असतो, लहान केला की असे बारकावे जातात. मृत्यूच्या कार्डातल्या नदीत एक होडी आहे, ती तर हमखास जाते.

तापीकाठ आणि लळिंगकर यांच्या वादातही ही रीत उपयोगी पडते. माणसाची ठेवण, म्हणजे वाकलाय, पाठ फिरवलीय, हात पुढे केलाय, ही लंडनला आणि शिरपूरला सारखीच कळते. तिथे हात लावायचा नाही. हवामान, कपडे, प्राणी हे मात्र समजावून द्यावे लागतात, आणि तिथे आपलं उदाहरण द्यायला हरकत नाही. पाच पेंटॅकल्समध्ये बर्फापेक्षा महत्त्वाचं हे की वर उजळलेली खिडकी आहे आणि दोघंही तिच्याकडे बघत नाहीत.

सातपुडा

कापसाचा प्रश्न तुम्हीच काढलात ते बरं झालं. विकायचं की ठेवायचं हे कशावर ठरतं? ओलाव्यावर. 8 टक्क्यांच्या वर गेला की सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) खरेदीत कपात, 12 च्या वर घेतच नाहीत. शिवाय घरात जागा किती, हप्त्याची तारीख कधी, व्यापारी आज काय देतोय. हे चार आकडे कागदावर लिहिले की कुदळीवर हात टेकलेल्या माणसाची गरज उरत नाही. उलट कार्ड मध्ये आणलं की निर्णय कार्डाने दिला असं वाटू लागतं आणि आकडे मागे पडतात. दाखवणारा प्रामाणिक असला तरी हे होतं.

माझी एकच मागणी आहे. वाचणाऱ्याने रीडिंगच्या वेळी तारखेसह स्पष्ट विधान लिहून द्यावं: अमुक गोष्ट अमुक महिन्यापर्यंत. ‘बदलाचे योग’ चालणार नाहीत. पन्नास विधानं झाली की किती खरी ठरली ते मोजावं.

पांझरा

मान्य, जो भविष्य सांगतो त्याला ही अट लावाच. आणि आकड्यांचंही मान्य. कार्ड आकड्यांच्या आधी काढूच नये. पण चारही आकडे समोर असून माणूस ठरवू शकत नाही तेव्हा अडचण बहुतेक वेळा आकड्यांची नसते. भावाला काय सांगू, मागच्या वर्षी घाई केली, हे डोक्यात असतं. ते बोलतं करायला चित्र चालतं. तेवढंच.

तापीकाठ

आखाजी ताई, चित्र चारदा वळवलं गेलं हे खरं. पण वेट आणि स्मिथ यांनी 78 पत्त्यांचा संच एका धाग्यात बांधला. एक कार्ड इथलं करायचं तर उरलेली 77 त्याला जुळवावी लागतील. सूर्य होरपळीचा केलात तर चंद्रानंतर उजेडाला जागा कुठे? होरपळ दाखवायला डेकमध्ये दहा काठ्यांचं कार्ड आहे. काठ्यांची मोळी उचलून वाकलेला, पुढचं दिसत नसलेला माणूस. ते सूर्याशेजारी आलं तर म्हणा ना उन्हातली मजुरी. शेजारच्या कार्डाने अर्थ वळतो, जिल्ह्याने वळत नाही. आणि आपल्याकडे सूर्याला अर्घ्य देतात, रथसप्तमी पाळतात. आपल्याकडचा सूर्यसुद्धा फक्त होरपळ कधी नव्हता.

लळिंगकर

रथसप्तमीचा मुद्दा बिनतोड, सूर्यापुरतं मागे घेतो. पांझरा भाऊंची ठेवण आणि हवामानाची वाटणीही पटली.

घोड्याचं मात्र पटलेलं नाही. समोरच्या बाईला आधी नवरदेवाची घोडी दिसली तर माझ्या मते तिथूनच सुरुवात करावी. मग तिला विचारावं, घोड्यापुढच्या चार माणसांत तुम्ही कोण? तुमची चारही माणसं त्यात येतात ताई, आणि बायबल सांगावं लागत नाही.